एकतीसाव्या पानावरची जाळी

गेल्या जूनमध्ये पलूसच्या आमच्या घरी कपडे धुण्याचं मशीन आलं आणि ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा अडलं. आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कॉलेजच्या लॅबमध्ये होते. "अगं, मशीन मधेच थांबलंय. ई आणि एक असं दाखवतंय आणि सारखं वाजतंय. काय करू?" मी इंजिनिअरिंगला, ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. घरातली वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की फोन मलाच येतो, आणि तो मलाच यायला हवा. मी म्हटलं, मशीनबरोबर पुस्तक आलंय ना, त्यात ई एक कुठे आहे ते बघ. दहा मिनिटांनी तिचा परत फोन. "सापडलं. 'जल आपूर्ति सुनिश्चित करें' असं लिहिलंय. पाणी तर आहे गं. सुनिश्चित करायचं म्हणजे नक्की काय करायचं?"

माझी आई रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. बचत गटाचे हिशेब तिच्याकडे आहेत आणि त्यात रुपयाची चूक निघत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं, मोटर कोरडी चालतेय हे आवाजावरून कसं ओळखायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तेव्हा तिला वाचता येत नाही किंवा यंत्राची भीती वाटते, असं कुणी म्हणू नये. तिने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. कुठलं पाणी? टाकीतलं, नळातलं की नळीतलं? ते बघायचं कसं? आणि पाणी असूनही मशीन तेच म्हणत राहिलं तर पुढे काय? पुस्तकात यातल्या एकाही प्रश्नाला जागा नव्हती. पुढचं वाक्य होतं, अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

सेवा केंद्राचे दादा पाचव्या दिवशी आले. ते चार दिवस भर पावसात आईने चादरी हाताने धुतल्या. दादांनी मशीन पुढे ओढलं, मागची नळी फिरवून काढली, नळी जिथे बसते तिथली रुपयाएवढी प्लास्टिकची जाळी पकडीने ओढली, नळाखाली धरली, परत बसवली. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बारीक वाळू येते, ती जाळीत अडकली होती. काम दोन मिनिटांचं. साफसफाई वॉरंटीत येत नाही, म्हणून साडेचारशे रुपये. दादांचा यात काही दोष नाही. ते पावसात मोटारसायकलवरून आले होते आणि त्यांनी आईला जाळी कशी काढायची तेही दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. चव्वेचाळीस पानं, अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी. ई एकचा रकाना सव्विसाव्या पानावर. जाळी एकतीसाव्या पानावर, 'निगा आणि स्वच्छता' या मथळ्याखाली. सव्विसाव्या पानाला एकतीसाव्या पानाची ओळख नाही आणि एकतीसाव्याला सव्विसाव्याची नाही. 'पान ३१ पाहा' एवढे तीन शब्द सव्विसाव्या पानावर असते तर माझ्या आईचे चार दिवस आणि साडेचारशे रुपये वाचले असते. ते कुणी छापले नाहीत याचा मला राग आहे, आणि ही माझी तक्रार क्षुल्लक आहे असं मला वाटत नाही.

सुट्टीनंतरच्या सत्रात मी 'तांत्रिक लेखन' हा ऐच्छिक विषय घेतला. वर्गातल्या बहुतेकांनी तो गुण सहज मिळतात म्हणून घेतला. मी ई एकमुळे घेतला. पहिल्या तासाला मॅडमनी प्रत्येकाला घरातल्या एखाद्या वस्तूचं माहितीपत्रक आणायला सांगितलं आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: हे कोणासाठी लिहिलं आहे? मी मशीनचं पुस्तक आणलं होतं. तो प्रश्न डोक्यात ठेवून ते परत चाळलं. पहिली नऊ पानं इशाऱ्यांची. मशीनवर चढू नका. पेट्रोल लागलेले कपडे घालू नका. लहान मुलांना ड्रमजवळ खेळू देऊ नका. हे इशारे हवेतच, त्याने जीव वाचतात. पण नऊ पानांत एकाच प्रकारच्या काळ्या त्रिकोणाखाली ड्रममध्ये अडकणारं मूल आणि मशीनवर ठेवलेली फुलदाणी शेजारी शेजारी बसली, की वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात, आणि मग तो नऊच्या नऊ पानं उलटून पुढे जातो. कुणी कोर्टात गेलं तर आम्ही सांगितलं होतं असं दाखवता यावं, यासाठी ती पानं आहेत. ज्याने बटण दाबायचं आहे त्याच्यासाठी जे लिहायचं, ते त्यांच्या मागे दडलेलं आहे.

कायदा याकडे डोळेझाक करत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि त्यातून इजा किंवा नुकसान झालं, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. म्हणजे सूचना हा वस्तूचाच भाग आहे, ड्रम आणि मोटर असतात तसा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राने वजनात, मापात, भावात फसवलं जाऊ नये म्हणून पुष्कळ भांडण केलं आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की अपुरं वाक्य हेही कमी वजनाचं माप आहे आणि त्याच्यासाठीही तसंच भांडायला हवं.

विमानवाल्यांनी ते पूर्वीच ओळखलं. १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगाने देखभालीच्या पुस्तिकांसाठी इंग्रजीचा एक आखून दिलेला नमुना तयार केला. तो आज एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखला जातो. विमान दुरुस्त करणारे अनेक जण इंग्रजी घरी बोलत नाहीत, म्हणून शब्द मोजके, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. कृती सांगणाऱ्या वाक्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत. एका वाक्यात एकच सूचना, दोन कृती एकाच वेळी करायच्या असतील तेवढाच अपवाद. आणि इशारा असेल तर तो कृतीच्या आधी. हात भाजल्यावर 'सावधान' वाचून उपयोग नसतो. घरगुती वस्तूंच्या माहितीपत्रकांसाठीही आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी आणि आयईईई यांचं ८२०७९-१, ज्याची सध्याची आवृत्ती २०१९ ची. नियम आहेत, ते कोणीतरी कष्टाने लिहिले आहेत, आणि आमच्या मशीनचं पुस्तक लिहिणाऱ्याने ते उघडून पाहिलेले दिसत नाहीत.

मॅडमनी सत्राचा प्रकल्प म्हणून एका वस्तूची एकपानी पुस्तिका लिहायला सांगितली, भाषा कुठलीही. मी मराठी निवडली आणि वाचक म्हणून आईचं नाव लिहिलं. आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की मराठीत ते वीस शब्दांचे नियम नुसते उचलून चालत नाही, कारण आपली अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे 'लावा' आहे.

दिवा लावा, कुलूप लावा, दार लावा, कुकर लावा, दही लावा, गाणं लावा, फोन लावा, झाडं लावा. आई म्हणते, "मशीन लावलंय." म्हणजे ते सुरू आहे. "नळी लावलीय" म्हणजे जोडली आहे. "झाकण लाव" म्हणजे बंद कर. "पावडर लाव" म्हणजे कॉलरवर चोळ. "मोबाइल लाव" म्हणजे चार्जिंगला लाव किंवा कुणाला तरी फोन कर, दोन्ही. एकाच मशीनच्या भोवती एका क्रियापदाचे चार अर्थ, त्यातले दोन एकमेकांच्या उलट: लावणं म्हणजे सुरू करणंही आणि बंद करणंही. 'सोडा'चं तेच. नळ सोडा म्हणजे उघडा, बटण सोडा म्हणजे बोट काढा, मशीनमध्ये पाणी सोडा, मशीनचं पाणी सोडा. बोलताना काही अडत नाही, समोर वस्तू असते, हात असतो, डोळे असतात. कागदावर मात्र वाचणारी एकटी असते.

मी तीन दिवस फक्त क्रियापदांवर काढले. नळीसाठी 'जोडा'. झाकणासाठी 'बंद करा' ठेवलं, मग लक्षात आलं की मशीनसाठीही 'बंद करा' येतं, म्हणून झाकणासाठी 'झाका' केलं. पण झाकण झाका हे कुणी म्हणत नाही, कानाला बोचतं. शेवटी झाकणाला 'लावा' दिलं आणि ठरवलं की या पानावर 'लावा' हा शब्द झाकणाशिवाय कशालाही वापरायचा नाही. सुरू करायला 'चालू करा', थांबवायला 'बंद करा'. नळाला 'उघडा' आणि 'घट्ट फिरवा'. ही यादी मी वहीच्या मागच्या पानावर चिकटवली. माझ्या माहितीतल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मी ती जास्त वेळा उघडून बघितली आहे.

मग नामं. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे आणि त्याचे परिभाषा कोश मी वापरते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. 'रोध', 'धारिता', 'वारंवारता' हे शब्द मी परीक्षेत अभिमानाने लिहीन. पण 'विद्युत पुरवठा खंडित करा' हे वाक्य घरातल्या माणसासाठी नाही. आई म्हणते, "पिन काढ." पलूसपासून पुण्यापर्यंत सगळे 'पिन काढ' म्हणतात. सॉकेटमधून पिन काढली की जे होतं त्यालाच पुरवठा खंडित होणं म्हणतात, आणि पिन काढताना काय करायचं हे हाताला लगेच समजतं.

आधी फोनवर चाचणी घेतली. मी एक एक ओळ वाचणार, आई मशीनसमोर उभी राहून तेच करणार, मी मधे एक शब्दही समजावून सांगणार नाही, हा मॅडमचा नियम. तिसऱ्या ओळीत 'आवक नळी' होतं. पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "आवक? मार्केट यार्डात असते ती?" आमच्याकडे द्राक्षं आहेत, आवक म्हणजे आज किती गाड्या आल्या, भाव पडला की चढला. तो शब्द मी इंग्रजीतून आणला होता आणि तो आईच्या घरात आधीच दुसऱ्या कामाला होता. मी तो काढला आणि लिहिलं: 'मशीनच्या मागे नळाकडून येणारी नळी'. पाच शब्द झाले. मॅडमनी विचारलं, लांब नाही का झालं? मी म्हटलं, लांब झालं पण आई थांबली नाही. त्यांनी पूर्ण गुण दिले.

एक गोष्ट मात्र पुस्तकात बरोबर आहे आणि तरी निरुपयोगी आहे, ती मला सगळ्यांत जास्त खुपते. तांत्रिक माहितीच्या तक्त्यात लिहिलंय: पाण्याचा दाब ०.०५ ते ०.८ मेगापास्कल. आकडा खरा आहे, एकक बरोबर आहे. आता हा आकडा घेऊन माझ्या आईने काय करावं? मी गणित केलं. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. एक मीटर उंचीच्या पाण्याला जवळपास ०.००९८ मेगापास्कल दाब येतो, म्हणजे ०.०५ साठी पाच मीटरपेक्षा थोडी जास्त उंची लागते. सुमारे सतरा फूट. आमचं घर एकमजली. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर दोन फुटांचा ओटा, ओट्यावर टाकी, आणि मशीनचा नळ जमिनीपासून तीन फुटांवर. टाकीचा तळ नळापासून नऊ फूट. म्हणजे जाळी स्वच्छ असतानाही आमच्या मशीनला पाहिजे त्याच्या निम्म्याच्या आसपास दाब मिळतो. मशीन ठरलेल्या वेळेत पाणी भरलं नाही की ई एक दाखवतं. जाळीत वाळू अडकली ही शेवटची काडी. मूळ गोष्ट टाकीच्या उंचीत आहे.

गावोगावी एकमजली घरं आहेत, स्लॅबवर टाक्या आहेत. कंपनीला हे माहीत नसेल असं मी मानत नाही, कारण तीच मशीनं तालुक्याच्या दुकानात विकली जातात. 'तुमच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा किमान १७ फूट उंच असावा. नसेल तर दाब वाढवणारा छोटा पंप बसवा' असं एक वाक्य. मेगापास्कल ज्याला पाहिजे त्याच्यासाठी तक्त्यात राहू दे. आईसाठी फूट लिहा. तिने टाकी बांधणाऱ्या गवंड्याला फुटातच सांगितलं होतं, आणि गवंड्यानेही फुटातच बांधली.

आकडा खरा असूनही वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, हे मला मग सगळीकडे दिसायला लागलं. माझी रूममेट नाशिकची. तिने दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेतली. तिच्या फोनची बॅटरी पाच हजारांची. दोनदा चार्ज होईल, असा तिचा साधा भागाकार. दीडदाच होतो. तिला वाटलं फसवलं. फसवलेलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त त्रास होतो. ते दहा हजार आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला मोजलेले. गुणाकार केला की ३७ वॅट-तास येतात. बाहेर वीज ५ व्होल्टला जाते, व्होल्ट वाढवताना थोडी उष्णतेत जाते. पॉवर बँकेच्या पाठीवर, नखाएवढ्या अक्षरात, 'रेटेड कपॅसिटी ६,००० एमएएच' असं छापलेलं आहे. पाच व्होल्टला सहा हजार म्हणजे ३० वॅट-तास. तिच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. तीस भागिले एकोणीस, आणि फोनच्या आत होणारी थोडी घट: दीड. सगळी माहिती त्या डब्यावर आहे. मोठ्या अक्षरात जो आकडा आहे तो दुकानासाठी, लहान अक्षरात जो आहे तो वापरणाऱ्यासाठी. 'साधारण दीड वेळा फोन चार्ज होतो' हे मराठीतले सहा शब्द त्या डब्यावर मावले असते.

इंटरनेटचंही असंच: शंभर एमबीपीएसचं कनेक्शन घेतलेल्या काकांना सिनेमा उतरवताना बारा एमबीच दिसतात, कारण एक आकडा बिटचा आणि दुसरा बाइटचा, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. कंपनी खरं बोलते, फोनही खरं बोलतो, आणि काका दर महिन्याला तक्रार नोंदवतात.

केबलबद्दल मी फार बोलणार नाही, कारण बोलायला लागले की थांबता येत नाही. २००८ मध्ये यूएसबी ३.० आली. २०१३ मध्ये तिलाच यूएसबी ३.१ जेन १ म्हणायला लागले. पुढे तीच यूएसबी ३.२ जेन १ झाली. वेग तिन्ही नावांखाली तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मी एका दुकानात विचारलं, ही टाइप-सी केबल डेटा किती वेगाने नेते? दुकानदार प्रामाणिक होते. त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, टाइप-सी आहे, एवढंच लिहिलंय." टाइप-सी हे तोंडाच्या आकाराचं नाव आहे. त्याच तोंडाची एक केबल ४८० मेगाबिट नेते आणि दुसरी ४० गिगाबिट. तांब्याचा तांब्या आणि स्टीलचा तांब्या यांत फरक करायला आपल्याकडे शब्द आहेत. ऐंशी पटीहून जास्त फरकासाठी खोक्यावर एक ओळ नाही.

आणि तो दिवा. माझ्या इअरबड्सच्या पत्रकात लिहिलंय की निळा दिवा हळू लुकलुकला तर जोडणी शोधतंय आणि जलद लुकलुकला तर जोडणी फसली. हळू म्हणजे किती? मी फोनच्या स्लो मोशनने चित्रीकरण केलं. 'हळू' म्हणजे सेकंदाला एकदा, 'जलद' म्हणजे सेकंदाला दोनदा. दोन्ही शेजारी शेजारी पाहिले तर फरक कळतो; पण ते शेजारी कधीच नसतात, माणसाला एका वेळी एकच दिसतो. सर्किट बनवणाऱ्याने कोडमध्ये ५०० मिलिसेकंद आणि १००० मिलिसेकंद असं लिहिलेलं असणार. त्याला नेमका आकडा माहीत होता. पत्रकापर्यंत येताना त्याचं 'हळू' आणि 'जलद' झालं. एक दिवा निळा आणि एक लाल केला असता तर पत्रकच लागलं नसतं, आणि हे मला पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये शिकवलं आहे.

मराठीत हे जमत नाही असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. आमच्या घरापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याची आणि तिथे बनणाऱ्या वस्तूंची खबर मराठी माणसापर्यंत मराठीत नेण्यासाठी. पुढे ते मोठं मासिक झालं ही वेगळी गोष्ट. सुरुवात नांगर बनवणाऱ्याने नांगर चालवणाऱ्याशी बोलण्यातून झाली. आणि आईच्या फडताळात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, १९७० चं पुस्तक. त्यात वाटी आणि चमचा हीच मापं, कारण घरात तीच असतात. आमच्या प्रतीला हळदीचे डाग आहेत, मधली पानं सुटली आहेत, आणि अनारसे बिघडले तर का बिघडले याचं उत्तर आई अजून त्यातच शोधते. मशीनचं पुस्तक मात्र कोरं आहे. त्याची बरीच पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती मी दिवाळीत पहिल्यांदा सुटी केली.

कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मराठीत असणं बंधनकारक आहे. पाटी मराठीत पाहिजे हे मला मान्यच आहे. पण दुकानाच्या आत विकल्या जाणाऱ्या खोक्यावरची माहिती २०११ च्या वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार देवनागरीतली हिंदी किंवा इंग्रजी असली की पुरते. मराठी हवी तर वरून जोडता येते, कुणी जोडत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकायची वाट मोकळी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या वसतिगृहात पेढे वाटले आणि मीही दोन खाल्ले. त्या भाषेत ई एक म्हणजे काय हे लिहिलेलं असावं, ही माझी मागणी आहे. मी कंपनीला तसं पत्रही पाठवलं आहे, सव्विसाव्या आणि एकतीसाव्या पानाच्या दुरुस्त केलेल्या मजकुरासह, मराठीत. उत्तर आलेलं नाही. मी दर महिन्याला आठवण पाठवते आणि पाठवत राहीन.

माझ्या पानाची शेवटची प्रत मी जानेवारीत घरी नेली. मोठ्या अक्षरात, एका बाजूला, आठ ओळी. वर लिहिलं होतं: मशीन ई १ दाखवत असेल तर. मग, मशीन बंद करा. पिन काढा. मशीनच्या मागचा नळ घट्ट फिरवा. मशीनच्या मागे नळाकडून येणारी नळी हाताने डावीकडे फिरवून काढा; थोडं पाणी सांडेल, खाली फडकं ठेवा. आत रुपयाएवढी जाळी दिसेल. ती पकडीने सरळ ओढा. नळाखाली धुवा, परत बसवा, नळी जोडा. आणि शेवटी, नळ उघडा, पिन घाला, मशीन चालू करा. वाचताना मला त्यात काही खटकलं नाही. मॅडमना नाही, वर्गातल्या कुणाला नाही. आईने ते मशीनच्या बाजूला सेलोटेपने चिकटवलं आणि मी पुण्याला परत आले.

मार्चमध्ये घरी गेले तेव्हा कागदाच्या कडा ओल्याने फुगल्या होत्या, म्हणजे तो वापरला जात होता. आईला विचारलं, काही अडलं का? "नाही गं, आता पाच मिनिटांत होतं. शेजारच्या वहिनीपण बघून गेल्या." मग मी जवळ जाऊन पाहिलं. दुसऱ्या ओळीत, 'पिन काढा' च्या आधी, आईने निळ्या पेनने, तिच्या हिशेबाच्या वहीतल्या गोल अक्षरात, वर काकपद काढून दोन शब्द घातले होते:

हात पुसा.